शॉक कडक केले की गाडी स्थिर होते, हे खरं नाही

आरसी बग्गी, म्हणजे मातीवर पळणारी रिमोटची गाडी, घेतलेल्या प्रत्येक नव्या मुलापर्यंत एक सल्ला हमखास पोचतो. गाडी मातीवर उसळते, वळणावर कलंडते? मग सगळ्यात कडक स्प्रिंग घाला, शॉकमध्ये, म्हणजे चाकाचे दणके शोषणाऱ्या नळीत, जाड ऑइल भरा, गाडी जमिनीलगत आणा. तरीही जमलं नाही तर एखाद्या विश्वविजेत्याची सेटिंग शीट, म्हणजे त्याच्या गाडीची मापं लिहिलेला कागद, जशीच्या तशी उतरवा. हा मजकूर इतक्या वेळा फॉरवर्ड झालाय की आता तो नियमच वाटतो. दर सुट्टीत याच नियमाने बिघडलेल्या दोन-तीन गाड्या माझ्या टेबलावर येतात. मुलं वैतागून गाडी माळ्यावर टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

कडक स्प्रिंगने गाडी कमी झुकते, एवढं खरं आहे. पण झुकणं कमी झालं म्हणजे वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी झाला, असं होत नाही. तो भार ठरतो गाडीचं वजन, वजनाची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर. स्प्रिंग फक्त एवढंच ठरवते की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा, किती मागच्यांनी, आणि किती झटकन. पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ केली की गाडी वळणात जास्त शिरते. मागची कडक केली की शेपूट सुटायला लागते. चारही ठिकाणी सगळ्यात कडक घातल्या तर दीड किलोच्या गाडीला त्या दाबताच येत नाहीत, आणि प्रत्येक उंचवट्यावर टायर जमीन सोडतो. हवेतला टायर ना वळवतो, ना ओढतो. बरं, थोडा फरकच हवा असेल तर स्प्रिंग विकत घ्यायचीही गरज नसते. शॉकचं वरचं टोक टॉवरच्या, म्हणजे ते जिथे अडकवतात त्या उभ्या पट्टीच्या, आतल्या भोकात लावा, सस्पेन्शन मऊ होतं. बाहेरच्या भोकात लावा, कडक होतं. एक स्क्रू, खर्च शून्य.

जाड ऑइलचा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून तो जरा सविस्तर घेतो. स्प्रिंग उसळते आणि ऑइल ती उसळी शोषून घेतं. ऑइल शॉकच्या आत सरकणाऱ्या पिस्टनच्या बारीक भोकांतून इकडून तिकडे जातं, त्यामुळे ऑइलचा जाडपणा आणि भोकांचा आकार या दोन गोष्टी कायम एकत्र बघाव्या लागतात. चाक सावकाश हलत असताना, म्हणजे वळणात किंवा ब्रेक लावताना, फरक मुख्यतः ऑइलचा जाणवतो. चाकाला अचानक दणका बसला तर एवढ्याशा भोकांतून ऑइल वेळेत निघत नाही आणि शॉक क्षणभर दगडासारखा होतो. याला पॅक म्हणतात. उंच उडीनंतर आपटताना हाच पॅक गाडीला वाचवतो. पण ओळीने बारीक उंचवटे असतील तिथे तोच घात करतो.

असा पट्टा आठवून बघा. पहिला उंचवटा चाकाला वर ढकलतो. ऑइल जाड असल्यामुळे चाक पुरतं खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. चार-पाच दणक्यांनंतर सस्पेन्शनला हलायला जागाच उरत नाही आणि गाडी उडते. मुलाला दिसतं की गाडी उडतेय, म्हणून तो आणखी जाड ऑइल भरतो!

खरं कारण ओळखायला एक मिनिट पुरतं. गाडी टेबलावर दाबा आणि सोडा. ती आपल्या उंचीला येऊन थांबली तर ठीक. वर जाऊन पुन्हा खाली-वर झाली तर ऑइल पातळ आहे. रेंगाळत वर आली तर जाड आहे. शॉक दाबताना पिचपिच आवाज येत असेल तर आत हवा राहिलीय. ती आधी काढा, नाहीतर कुठलाही निष्कर्ष चुकेल.

ऑइलच्या बाटलीवरचा आकडाही नीट बघा. ‘३० वेट’ हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. टीम असोसिएटेड या कंपनीचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) आणि ४० वेट म्हणजे ५००. तुलना नेहमी सेंटीस्टोकमध्ये करा. शिवाय सिलिकॉन ऑइल उन्हाने पातळ होतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी नेमकं जमलेलं ऑइल मेच्या दुपारी कमी पडतं. तेव्हा एक पायरी जाड भरणं योग्यच आहे.

गाडी जमिनीलगत आणणं डांबरावर चालतं. मातीवर चॅसीचं पोट घासतं आणि ते आपटलं की चाकं उचलली जातात. १/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या, बग्गीला मातीवर साधारण २० ते २५ मिलिमीटर उंची लागते. मोजताना बॅटरी आत ठेवा आणि गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर सोडून बसू द्या.

विश्वविजेत्याची शीट खोटी नसते, पण ती त्या दिवसाच्या जमिनीची, टायरची आणि हवेची असते. युरोपात बऱ्याच शर्यती बंद हॉलमध्ये कार्पेटवर किंवा कृत्रिम गवतावर होतात. ती मापं आपल्या लाल, भुसभुशीत मातीवर कशी लागू पडणार? सुरुवात मॅन्युअलमधल्या मूळ सेटिंगपासून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सस्पेन्शन मोकळं हलतंय का, हे मात्र त्या सल्ल्यात कुठेच नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतला चौदा वर्षांचा मुलगा गाडी घेऊन आला. खाऊच्या पैशांतून स्प्रिंगचे तीन जोड घेतले होते त्याने. मी चारही शॉक काढले, मागचा डावा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, बोटाने उचलला आणि सोडला. आर्म तिथेच अडकून राहिला. तो स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. आर्म जिच्यावर फिरतो ती पिन काढून काचेवर लोळवली, तर ती मध्ये थबकत होती. कुठेतरी धडकून केसभर वाकली होती, आणि भोकात लाल मातीचा थर बसला होता. ब्रशने भोक साफ केलं, नवी पिन घातली. आर्म टपकन पडला. ‘काका, पुन्हा करू?’ म्हणत त्याने तो सात-आठ वेळा उचलून सोडला.

मग मूळ स्प्रिंग परत घातल्या, ऑइल मॅन्युअलप्रमाणे भरलं आणि मैदानावर गेलो. पाण्याच्या टाकीजवळच्या खडबडीत पट्ट्यावरून त्याने गाडी पूर्ण वेगात काढली. चाकं भराभर खाली-वर होत होती आणि वरची बॉडी सरळ रेषेत चालली होती.