जावईबापूंचा हातभार

काल सासरच्या फॅमिली ग्रुपवर मामेसासऱ्यांचा मेसेज आला : "जुना लॅपटॉप आज चालू केला. जावईबापूंनी हातभार लावला." खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझ्या बायकोचाही अंगठा.

हातभार!

लॅपटॉप २०१३ चा. सेलेरॉन प्रोसेसर, २ जीबी रॅम. विंडोज ८ घेऊन जन्मलेला, पुढे १० वर रेटलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तिकडून नन्नाच. विंडोजच्या जागी अँटीएक्स नावाचं हलकंफुलकं लिनक्स यावर सहज चालेल, याची मला खात्री होती. पेन ड्राइव्हही तयार होता. आडवं आलं ते फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं, ज्याला अजून सगळे बायोसच म्हणतात ते. आणि मामा.

पेन ड्राइव्हवरून बूट करायचं, म्हणजे लॅपटॉप उठवायचा, तर सुरू होताना एक की दाबावी लागते. कुठली? कंपनीच्या मर्जीवर आहे. कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप; काही लॅपटॉपना तर कडेला बारीक छिद्र असतं, त्यात टाचणी खुपसायची. इथे एफ१२ होती, पण फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ती मुळातच 'डिसेबल्ड'. ती चालू करायला एफ२. तिथे गेलो तर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारा, बंद करायचा पर्याय करडा पडलेला. तो उजळायला आधी सुपरवायझर पासवर्ड लावायचा! पहारा उठवायचा तर आधी नवीन पहारेकरी नेमा, असला कारभार.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "कुलूप काढायचं तर आधी कुलूप असायला नको का?"

पासवर्ड त्यांनीच टाकायचा ठरला, कारण लॅपटॉप त्यांचा. "तुम्ही जरा तिकडे बघा, जावईबापू. गैरसमज नको, पण पासवर्ड तो पासवर्ड." मी भिंतीकडे तोंड केलं. मागून एक बोट की शोधत फिरू लागलं आणि मामा मोठ्याने म्हणू लागले, "एस... यू... एम... हा एम कुठे गेला? हां. ए... एन... जावईबापू, कॅपिटल की स्मॉल हो?"

"स्मॉल," मी भिंतीला सांगितलं.

"आता परत टाका म्हणतंय. बघू नका हं." आणि पुन्हा पहिल्यापासून, एस... यू...

मग एफ१२ दाबायचं कामही त्यांनी मागून घेतलं. दारावरची बेल वाजवावी तशी ती एकदाच, अदबीने दाबायची आणि कोणी उघडतंय का वाट बघायची, अशी त्यांची पद्धत. फर्मवेअर सेकंदभरही थांबत नाही. प्रत्येक वेळी विंडोज उघडायचं आणि मामा म्हणायचे, "मी दाबली होती हो." शेवटी ते पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी धडाधड दाबून घेतली.

इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, लिनक्सचं हेच दुर्दैव.

रीस्टार्ट केलं. काळा पडदा. मामांनी चष्मा सरसावून शोकसभेतल्या आवाजात वाचलं, "नो... बूटेबल... डिव्हाइस." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे गेला?"

गेला नव्हता. या फर्मवेअरला फक्त 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव ओळखता येतं. लिनक्सने रीतसर नोंद केली तरी हा ढुंकून बघत नाही. मग पुन्हा पेन ड्राइव्ह लावून लिनक्सची बूट फाइल ईएफआय/बूट या फोल्डरमध्ये बूटएक्स६४.ईएफआय अशा सरकारी नावाने ठेवायची. म्हणजे बिचाऱ्याला तोतया ओळखपत्र.

तोवर तारीख १ जानेवारी २०१३ झाली होती. आतलं घड्याळ चालवणारा बटण सेल मेलेला. मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी अजून नोकरीत!" मग त्या वर्षीचा साहेब, त्याने अडवलेलं प्रमोशन, त्याच्या मेहुण्याला मिळालेली खुर्ची, सगळं आलं. इकडे ब्राउझर एकही साइट उघडेना, कारण २०१३ च्या हिशेबाने सगळ्यांची ओळख पटवणारी सर्टिफिकेट्स अजून लागू व्हायची होती. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, तारीख दुरुस्त करणारी ओळ लिहीत होतो, तेव्हा "हे मी दाबू का?" म्हणून मामांनी एंटर दाबला. पानं उघडली. 'चालू केला' ते हे.

मामांवर माझा राग नाही. थोडा आहे. खरा राग ज्यांनी हे फर्मवेअर लिहिलं त्यांच्यावर. यंत्र धडधाकट आहे, कीबोर्ड आजच्या लॅपटॉपपेक्षा बरा आहे, आणि ते भंगारात जायचं ते कुणीतरी एकाच नावाची तपासणी लिहून घरी गेला म्हणून. फर्मवेअरचा शेवटचा अपडेट २०१४ चा, तोही ईएक्सई फाइल, विंडोजमध्येच चालणारी. म्हणजे विंडोजवाचून चालता यावं यासाठीचं औषध घ्यायलाही विंडोजच हवं! कंपनीला मेल केला, तर नवीन मॉडेलची जाहिरात आली.

आज सकाळी मामांचा वेगळा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकट्याला : "जावईबापू, तो सुपरवायझर पासवर्ड काय ठेवला होता हो मी?"

मला पाठ आहे. अजून कळवलेला नाही.