शास्त्रात भेद नाही, मग पंगतीत का?

गावच्या जत्रेत पंगती वेगळ्या का बसतात, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली होती. शेवटी मामेभावाने लिहिलं, "शास्त्रात भेद नाहीच, लोकांनी चुकीचा अर्थ लावला. विषय संपला." धडाधड हात जोडलेले इमोजी आले. मी इथे केपटाउनजवळच्या बेलव्हिलमध्ये चिडलो, कारण हा युक्तिवाद दक्षिण आफ्रिकेत कुठवर गेला ते मला माहीत आहे.

इथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या मुख्य चर्चने, १८२९ साली ठरवलं होतं, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी) रंग न पाहता सगळ्यांना एकत्रच द्यायचं. १८५७ च्या सिनॉडनेही (चर्चच्या धर्मसभेनेही) आधी तेच म्हटलं: नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपल्याच मंडळीत घेणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पण "काही जणांच्या दुर्बलतेमुळे" अडचण येत असेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बलता कोणाची? काळ्यांच्या शेजारी बसणं जड जाणाऱ्या गोऱ्यांची! बाहेर मात्र काळे गेले. १८८१ मध्ये कलर्ड, म्हणजे मिश्रवंशीय लोकांसाठी स्वतंत्र मिशन चर्चच निघालं. १९४८ साली अपार्थाइड, म्हणजे सरकारी वर्णभेद, आणणारा पंतप्रधान मलान याच चर्चचा माजी पाळक. आणि १९७४ च्या चर्चच्या अहवालात बायबलमधली बाबेलच्या बुरुजाची गोष्ट (देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवलं ती) वेगळेपणाला आधार म्हणून आली. आधी पंगत मोडली, वचनं मागाहून शोधली.

म्हणून मला बेलहार मोलाचं वाटतं. ही वस्ती माझ्या घरापासून जवळच आहे. १९८२ मध्ये मिशन चर्चने तिथे जी श्रद्धेची कबुली, म्हणजे आपण काय मानतो त्याचं लेखी निवेदन, मांडली, तिने अन्यायाला मान्यता देणारी विचारसरणी नाकारलीच, शिवाय तिला विरोध न करणारी शिकवणही नाकारली. गोऱ्या चर्चला ती अजून पूर्ण पचलेली नाही, दोन्ही चर्चचं एकत्रीकरणही रखडलंय. तरी निदान लिहिलं तरी! आमच्या देवस्थानाच्या ट्रस्टींनी असं एक पान लिहून दाखवावं.

"तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस," भाऊ म्हणतो. ते लागतं. इथे सगळे मला डरबनचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच भारतीयांपैकी, समजतात, गावात मी पाहुणा. पण लहानपणी त्याच देवळाच्या ओवरीत, पहिल्या पंगतीत मी आमटी-भात जेवलोय, आणि मागे उकिरड्याच्या बाजूला कोणाला बसवायचे तेही पाहिलंय. ते गाव माझंही आहे. येत्या चैत्रात जत्रेला येतोय. मागच्या पंगतीत बसणार आहे, भावालाही शेजारी बसायला सांगणार आहे.