इथून फाडा

शाम्पूचं घ्या किंवा आणखी कशाचं, कुठल्याही प्लास्टिकच्या पाकिटावर एका टोकाला बारीक खाच असते आणि बाण काढून लिहिलेलं असतं, इथून फाडा. फाडतो की! पण फाडल्यावर हातात जो नखाएवढा कोपरा उरतो त्याचं काय करायचं हे कुठलीच कंपनी लिहीत नाही.

पाकीट बिचारं मोठं असतं, डब्यात गपचूप जाऊन पडतं. कोपरा नाही. तो आधी बोटाला चिकटतो, झटकला की बाहीला चिकटतो, खिशात ठेवला तर कपड्यांबरोबर धुऊन निघतो आणि स्वच्छ होऊन परत खिशातच सापडतो. रस्त्यात असलो तर कचराकुंडी हवी तेव्हा दिसत नाही, दिसली तर इतकी भरलेली की कोपरा वर ठेवेपर्यंत वाऱ्याने उडून आपल्या आधी पुढच्या चौकात, तिथून गटाराच्या जाळीत, आणि बऱ्याच शहरांत रस्त्यावरचं पावसाचं पाणी कुठेही शुद्ध न होता थेट नाल्यात नि नदीत जातं, म्हणजे साहेबांचा पुढचा प्रवास बिनथांबा.

यावर "लोकांना शिस्तच नाही" म्हणणारे एक काका सगळीकडे भेटतात. शिस्त हवीच हो, पण मी त्यांना कॅनची गोष्ट ऐकवतो. अमेरिकेत साठच्या दशकात कोल्ड्रिंकच्या कॅनचं झाकण कडीला धरून ओढलं की कडीसकट हातात यायचं. लोक ते तिथेच टाकायचे आणि समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापायचे. शेवटी १९७५ च्या सुमारास कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली आणि हळूहळू प्रश्न मिटला. माणसं तीच होती, शिस्तही तेवढीच.

युरोपियन युनियनने तर २०१९ मध्ये कायदाच केला आणि जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांचं बूच बाटलीलाच बांधून टाकलं. आता पिताना ते नाकाला टोचतं म्हणून लोक वैतागतात. टोचू दे की, किनाऱ्यावर पडण्यापेक्षा नाकाखाली बरं.

नुसत्या बंदीचं मात्र काही खरं नसतं. गटारं तुंबून पुराचं पाणी ओसरेना म्हणून बांगलादेशने २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्या बंद केल्या, पण अंमलबजावणी ढिली पडली आणि पिशव्या परत आल्या. त्याच वर्षी आयर्लंडने पिशवीमागे फक्त १५ सेंट लावले आणि पिशव्यांचा वापर धाडकन खाली आला. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटली-कॅनवर डिपॉझिट आहे, सध्या २५ सेंट, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये सरकवली की पैसे परत. एखाद्याने आळसाने टाकलीच तर दुसरा कोणीतरी उचलतो.

हे ऐकल्यावर काका म्हणाले, मग तुझ्या कोपऱ्यावरही लावा डिपॉझिट. काका, ते मशीन बारकोड वाचतं आणि बारकोड असतो पाकिटावर! कोपऱ्यावर काय असतं, तर अर्धा बाण. त्यापेक्षा पाकीट असं बनवायला लावा की कोपरा फाटेल पण सुटणार नाही. तेवढी सक्ती होईपर्यंत मी कात्रीने पाकिटाला आडवी चीर देतोय, शाम्पू निम्मा हातावर, निम्मा भिंतीवर, पण कोपरा जागच्या जागी.