रात्री नऊला घरी पाठवतो म्हणून जॅम खोटा होत नाही

बेळगावात आम्ही गेम जॅम घेतला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत नवा कॉम्प्युटर गेम करून दाखवायचा उपक्रम. त्यावर मी लिहिलं, त्याखाली एक लांब प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नोंदणीचा फॉर्म इंग्रजीत होता म्हणून खेड्यातली मुलं आली नाहीत, बक्षीस नव्हतं, बरेच गेम अर्धवट राहिले, कन्नड मुलांना घेऊन मराठीचं काय भलं झालं. आणि मग हे: ‘रात्री नऊला रिकामटेकड्या पोरांना घरी पाठवता आणि त्याला जॅम म्हणता? ४८ तास म्हणजे ४८ तास. ही नुसती मिरवामिरवी आहे.’

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमचं वय, तुमचं काम मला ठाऊक नाही. तरी अहोजाहोच करतो.

टीकेला माझी ना नाही. पण टीका करायची एक रीत असते. तुम्ही एकदाही लॅबमध्ये आला नाहीत हे तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं, कारण जागा कुठली होती तेही तुम्ही चुकीचं लिहिलंय. आणि तिथून थेट मिरवामिरवी! कुणासमोर मिरवलं आम्ही? व्यासपीठ नव्हतं, पाहुणे नव्हते, शाल-श्रीफळ नव्हतं, चौकात कुणाच्या चेहऱ्याचा फ्लेक्स नव्हता. एक्स्टेन्शन बोर्ड ओळखीच्यांच्या घरून गोळा केले. सकाळचं उप्पीट माझ्या बहिणीने केलं. आणि ज्यांना तुम्ही रिकामटेकडी पोरं म्हणता त्यांनी सबमिशनच्या आठवड्यातून ही सुट्टी काढली होती. तुमची प्रतिक्रिया त्यांनीही वाचली. एकाने ती मला पाठवून विचारलं, ‘सर, बाहेरून हे खरंच असं दिसतं काय?’ मला राग आलाय तो या प्रश्नामुळे.

एक गोष्ट मान्य. डेमोची वेळ दाराबाहेर ठळक लिहून लावायला हवी होती. रविवारी काही पालक उशिरा पोचले आणि पहिले दोन-तीन गेम त्यांना बघता आले नाहीत. फॉर्मही पुढच्या वेळी मराठी आणि कन्नडमध्ये देऊ, त्यात काही अवघड नाही.

आता रात्रीबद्दल.

‘४८ तास म्हणजे ४८ तास’ असं तुम्ही ज्या ठसक्यात लिहिलंय, त्यावरून हा कुठला तरी मूळ नियम असावा असं वाचणाऱ्याला वाटेल. तसा नियम नाही. मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांचे प्रोग्रामर मित्र जमले, तो इंडी गेम जॅम चार दिवस चालला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुडम डेअर हा इंटरनेटवरचा जॅम सुरू झाला. त्याची पहिली फेरी २४ तासांची होती, पुढे ४८ झाले आणि टीमने करायच्या प्रकाराला ७२ तास मिळू लागले. लुडम डेअरमध्ये लोक आपापल्या घरी बसून गेम करतात. कोण झोपलं आणि कोण जागलं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. ग्लोबल गेम जॅम २००९ मध्ये सुरू झाला, पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी. तिथेही जागा रात्री उघडी ठेवायची की बंद, हे त्या त्या गावचे आयोजक ठरवतात, आणि अलीकडे तर त्यांनी दोन दिवसांची चौकट आठवडाभर पसरवली आहे.

४८ तास ही मुदत असते. झोप, जेवण, बसचा प्रवास सगळं त्यात धरलेलं असतं, आणि म्हणूनच माणूस आपला गेम लहान ठेवायला शिकतो. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘पाऊस’ ही थीम जाहीर केली, लांबच्यांना फोनवर कळवली, आणि रविवारी संध्याकाळी सहाला बिल्ड, म्हणजे खेळता येतील असे गेम, जमा करून घेतले. तास मोजून बघा.

रात्रभर लॅब उघडी ठेवली असती तर इथे कोण आलं असतं? टिळकवाडीत खोली करून राहणारी आणि स्वतःची गाडी असलेली इंजिनिअरिंगची मुलं. बस्स. जांबोटीकडच्या मुलीला घरातून रात्री बाहेर राहायची परवानगी मिळत नाही, आणि ती मागायला लावणं मलाही पटत नाही. वस्तीची गाडी चुकली की पुढे रानातून जायचं असतं आणि दुसरं काही मिळत नाही. मी स्वतः घरोघरी फोन केले. प्रत्येक आईवडिलांचा पहिला प्रश्न एकच: ‘किती वाजता सोडणार?’ नऊ हा आकडा त्या फोनांमधून आला आहे, आणि लांबच्यांना आम्ही त्याहून आधी सोडलं. तुम्ही एका वाक्यात खेड्यातली मुलं आली नाहीत म्हणता आणि दुसऱ्या वाक्यात रात्र जागवा म्हणता. दोन्ही एकदम कसं जमवायचं, तेवढं तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसत नाही.

रात्रीच्या कामाबद्दल मला तुमच्याकडून शिकायचं नाही. माझे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला होते. रात्रपाळी संपवून ते सकाळी घरी यायचे तेव्हा आम्हा भावंडांना आवाज करायची बंदी असायची. रात्र जागल्याचं त्यांना कधी भूषण वाटलेलं मी पाहिलं नाही. पुढे मी पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम केलं. रिलीज जवळ आला की आम्ही ऑफिसातच झोपायचो. दोन वाजल्यानंतर लिहिलेला कोड सकाळी निम्मा पुसावा लागायचा. शेजारच्या टेबलावरचा एकजण अंगात ताप असताना काम करत राहिला, शेवटी त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काम माझ्याकडे आलं. हे ज्याने पाहिलंय त्याला ‘४८ तास म्हणजे ४८ तास’ ऐकवू नका. हे जरा कडक झालं, पण राहू दे तसंच.

आणि झोपेमुळे गेमचं नुकसान होतं असं वाटत असेल तर एका टीमचं सांगतो. लॅबमधले कॉम्प्युटर जुने. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आम्ही घेतलं कारण ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि एका पेन ड्राइव्हवरून सगळ्यांना वाटता येतं. जुन्या ग्राफिक्सवर गोडो ४ अडत होतं म्हणून बहुतेकांनी गोडो ३ वापरलं. पण गोडो ३ ला देवनागरी किंवा कन्नड अक्षरं नीट जुळवता येत नाहीत. ती सोय २०२३ मध्ये गोडो ४ आलं तेव्हा झाली. या तिघांचा गेम असा: मुसळधार पावसात बसस्थानकावर उभं राहायचं, काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यातून गाडीची पाटी वाचायची आणि बरोबर गाडीत चढायचं. महाराष्ट्राच्या गाडीची पाटी मराठीत, कर्नाटकच्या गाडीची कन्नडमध्ये. आता ‘गडहिंग्लज’ लिहिलं की ह च्या आधी यायची ती वेलांटी नंतर पडायची, आणि ‘ग्ल’ फुटून पायमोडका ग वेगळा दिसायचा. ‘हत्तरगी’ कन्नडमध्ये लिहिलं की खाली बसायचा तो त शेजारी उभा.

शनिवारी नऊपर्यंत तिघं फॉन्ट बदलत बसली. एक लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. दोष फॉन्टचा नव्हताच. मी बंद करायला सांगितलं तेव्हा एकाने माझ्याशी वाद घातला, अजून अर्धा तास द्या म्हणाला. मी दिला नाही. रविवारी सकाळी खानापूरकडून येणारी त्यातली मुलगी दारातूनच म्हणाली, ‘सर, अक्षरं लिहायचीच कशाला? पाट्यांची चित्रं करू.’ बसमध्ये सुचलं होतं तिला. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांची नावं टाइप केली, प्रत्येकाची पीएनजी म्हणजे चित्राची फाइल काढली, आणि गेमसाठी पाटी म्हणजे एक स्प्राइट, नुसतं एक चित्र झाली. दुपारच्या जेवणाआधी गडहिंग्लज शुद्ध दिसत होतं. तिला रात्रभर बसवलं असतं तर चौथा आणि पाचवा फॉन्ट लावून झाला असता, हे मी पुण्यातल्या अनुभवावरून सांगतो.

कन्नड पाट्या त्याच टीममधल्या मुलाने तपासल्या, ज्याच्या घरी कन्नड बोलतात. तो नसता तर हत्तरगीची पाटी चुकीची गेली असती आणि आम्हाला कळलंही नसतं. मराठीचं काय भलं झालं या प्रश्नावर मी इथे यापेक्षा जास्त लिहिणार नाही. माझे आजोबा सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेत. माझं मराठीपण तुमच्याकडून तपासून घ्यायची मला गरज वाटत नाही.

बक्षीस नव्हतं, पुढेही नसेल. पैसे लावले की आधीचा तयार प्रोजेक्ट नवं नाव देऊन आणला जातो, हे मी कॉलेजांच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसून पाहिलंय. अर्धवट गेमांबद्दल म्हणाल तर जॅममध्ये काही गेम अर्धवट राहतातच.

पुढचा जॅम दसऱ्याच्या सुट्टीत घ्यायचा विचार आहे. तोही नऊला बंद होईल. तुम्हाला रात्रभराचा करायचा असेल तर जरूर करा. जागा शोधा, पालकांना फोन करा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि गोडोचा पेन ड्राइव्ह माझ्याकडून घेऊन जा, हे मनापासून सांगतोय. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण मुलांना रिकामटेकडी म्हणणारी आणखी एक आली तर ती मात्र काढून टाकीन.