बोस्टनचा चहा आणि आमच्या मामांचा मालमत्ता कर

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. सारांश असा: इंग्रज राजाने चहावरचा कर इतका वाढवला की अमेरिकेतल्या गोरगरिबांना चहा परवडेना. मग बोस्टनच्या जनतेने ‘भारतातून लुटून नेलेला आसामचा चहा’ समुद्रात फेकला. इंग्रज घाबरले, कर रद्द झाला, अमेरिका करमुक्त आणि स्वतंत्र झाली. आपण मात्र मुकाट भरतो, तेव्हा उठा, भरू नका! शेवटी मुठी आणि तिरंगा.

एरवी मी असलं काही वाचून पुढे जातो. पण पुण्यात राहणाऱ्या आमच्या मामांनी मालमत्ता कराचं बिल बाजूला ठेवून दिलंय. ‘यंदा भरणार नाही, बोस्टन आठव,’ म्हणाले. आता आठवणं आलंच.

आधी तो आसामचा चहा. बोस्टनची घटना १६ डिसेंबर १७७३ ची. आसामात चहाची झाडं आहेत हे इंग्रजांना कळलं १८२० च्या दशकात, आणि तिथला चहा लंडनच्या लिलावात आला १८३९ मध्ये. म्हणजे ज्या चहाची लागवडही सुरू झाली नव्हती तो या मंडळींनी पासष्ट वर्षं आधीच बुडवला! बोस्टनच्या बंदरात गेला तो चिनी चहा. बहुतेक पेट्या ‘बोहिया’ या काळ्या चहाच्या, थोड्या हिरव्या चहाच्या.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करतो. चहा आपला नव्हता, पण तो विकत घ्यायला लागणारा पैसा काही अंशी आपला होता. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनी तिथल्या महसुलातून चीनमधली चहाची खरेदी भागवू लागली. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, त्याची वार्ता अमेरिकेतही पोहोचली होती. पेन्सिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी १७७३ च्या नोव्हेंबरात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बजावलं की, या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, एका वर्षात पंधरा लाख माणसं उपासमारीने मेली म्हणतात, आणि आता तिची नजर आपल्यावर आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला भारताचा संबंध जोडायचाच होता, तर हा खराखुरा संबंध हाताशी होता. पण शोधायला कष्ट पडतात ना.

आता ‘कर वाढवला’. नाही वाढवला. चहावर दर पौंड वजनामागे तीन पेन्स कर होता तो १७६७ पासूनचा. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३ च्या चहा कायद्याने त्याला हातही लावला नाही. कंपनी डबघाईला आली होती, लंडनच्या गोदामांत प्रचंड चहा पडून होता. म्हणून सरकारने तिला ब्रिटनमधली जकात परत द्यायची ठरवली आणि मधले व्यापारी टाळून अमेरिकेत थेट विकायची मुभा दिली. परिणाम? चहा स्वस्त होणार होता! पोटावर पाय येणार होता तो डच चहा चोरून आणणाऱ्यांच्या आणि ज्यांना एजन्सी मिळाली नाही त्या व्यापाऱ्यांच्या. बोस्टनमधल्या एजंटांत, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, हेही लोकांना खुपत होतंच.

मग स्वस्त चहा बुडवला कशाला? कारण तो घेतला की कर भरला, आणि कर भरला की ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही सभासद नाही तिचा कर लावायचा हक्क मान्य केला. शिवाय त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार निघणार, म्हणजे ते स्थानिक विधानसभेला जुमानणार नाहीत. भांडण तिथे होतं. विश्वास नसेल तर १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा उघडून बघा. राजाविरुद्ध सत्तावीस तक्रारी आहेत. करांबद्दल त्यात एक ओळ: आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर लादले. कर जड आहे, महाग आहे, परवडत नाही असं कुठेही नाही. चहाचं तर नावही नाही.

आणि ही काही चिडलेल्या जमावाची धुडगूस नव्हती. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार होते. ‘डार्टमथ’ जहाजाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि गव्हर्नर जहाजं परत जाऊ देईना. त्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फोडल्या, बाकी मालाला हात लावला नाही. एक जण कोटाच्या अस्तरात चहा भरताना सापडला, तर त्याला त्याच्याच माणसांनी हाणलं.

‘इंग्रज घाबरले’ हे तर सोडूनच द्या. १७७४ च्या जूनपासून बोस्टन बंदर बंद, पुढच्या वर्षी युद्ध. चहाचा तो कर पार्लमेंटने काढला १७७८ मध्ये, लढाई ऐन भरात असताना.

हे सगळं सांगितल्यावर मामांनी मला एका जागी पकडलं. ‘२०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षं प्रशासक. नगरसेवक नव्हते, मग तेव्हा संमती कुणाची?’ मुद्दा बिनतोड आहे, फॉरवर्डमधल्या सगळ्या मजकुरापेक्षा बोस्टनच्या जास्त जवळचा आहे. त्यावर मोर्चा काढा, कोर्टात जा, मी येतो. पण बिल थकवलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, आणि ती फॉरवर्ड पाठवणारा भरणार नाही.

राहिली ‘करमुक्त अमेरिका’. १७८३ मध्ये युद्ध संपल्यावर तीनच वर्षांत, १७८६ मध्ये, त्याच मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी जड करांविरुद्ध उठले. त्यांच्याच निवडून दिलेल्या सरकारने ते बंड सैन्य घालून मोडलं. १७९४ मध्ये पश्चिम पेन्सिल्व्हेनियात व्हिस्कीवरच्या कराला लोकांनी नकार दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः बारा-तेरा हजारांची फौज घेऊन निघाले होते. वसुलीला.