‘ॲडमिनची फाइल सगळ्यांना वाटा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा मेसेज आला. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत डेव्हऑप्सची पहिली नोकरी लागून त्याला जेमतेम चार महिने झालेत. “ताई, हे बरोबर आहे ना? आमच्याकडे असंच करायचं ठरतंय.” खाली तो फॉरवर्ड. हाच मजकूर मी याआधी तीन ग्रुपवर पाहिला होता आणि तिन्ही वेळा न बोलता पुढे गेले होते. आता तो घरात आल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. क्युबरनेटीजच्या क्लस्टरला (अनेक मशीनांवर मिळून सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था) ओआयडीसी (दुसऱ्या सेवेकडून ओळख पटवून घेण्याची पद्धत), कीक्लोक (तसं लॉगिन पुरवणारं सॉफ्टवेअर) असलं बाहेरचं लॉगिन जोडणं ही मोठ्या कंपन्यांची हौस आहे. दहा माणसांच्या टीमने मास्टर नोडवरची, म्हणजे क्लस्टरच्या मुख्य मशीनवरची, सर्वाधिकार देणारी ‘ॲडमिन डॉट कॉन्फ’ फाइल सगळ्यांना द्यावी. कोणी नोकरी सोडली तर ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग डिलीट-यूजर’ ही कमांड चालवावी, फारच काळजी वाटत असेल तर त्याचं रोल-बाइंडिंग (कोणाला कोणते अधिकार याची जोडणी) काढावं, विषय संपला. बाहेरचं लॉगिन जोडलं तर तुमची प्रत्येक कमांड गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे जाते, आणि त्यांची सेवा पडली की तुमचं क्लस्टर पडतं. शिवाय ओआयडीसीचं टोकनसुद्धा (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता पास) रद्द करता येत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

डिलीट-यूजरपासून सुरुवात करते, कारण लोक इथेच फसणार आहेत. ही कमांड क्लस्टरशी बोलतसुद्धा नाही. वायफाय बंद करून चालवून बघा, तरीही यूजर काढल्याचं ती बिनधास्त सांगेल. ती तुमच्याच लॅपटॉपवरच्या क्यूबकॉन्फिग फाइलमधल्या (ॲडमिन डॉट कॉन्फ ही तशीच एक फाइल) चार ओळी पुसते, बाकी काही करत नाही. सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर, त्याच्या मेलमध्ये, व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये ती फाइल जशीच्या तशी असते आणि चालतेही. ज्याने हा सल्ला लिहिला त्याने एकदाही दुसऱ्या मशीनवर जाऊन जुनी फाइल वापरून पाहिलेली नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

मुळात क्युबरनेटीजमध्ये ‘यूजर’ नावाची वस्तूच नाही. पॉड (चालणारा प्रोग्रॅम) आहे, सर्व्हिस आहे, सर्व्हिस अकाउंट (प्रोग्रॅमसाठीचं खातं) आहे, पण माणसाची नोंद क्लस्टरमध्ये कुठेच होत नाही. माणसांचा हिशोब क्लस्टरबाहेरची एखादी व्यवस्था ठेवेल, असं त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट गृहीत धरलंय. एपीआय सर्व्हर, म्हणजे क्लस्टरचं प्रवेशद्वार, दारात आलेल्याचा कागद बघतो: सर्टिफिकेटवर (फाइलमधल्या डिजिटल ओळखपत्रावर) आपल्या सीएची (अशी ओळखपत्रं सही करून देणाऱ्याची) सही आहे का, मुदत शिल्लक आहे का. दोन्ही ठीक असेल तर त्यावरचा ‘सीएन’ हे त्याचं नाव आणि ‘ओ’ हा त्याचा गट. जिथे नोंदच नाही तिथून काढणार काय?

आता बाइंडिंग काढण्याची गोष्ट. भावाला मी त्याच रात्री त्यांची फाइल उघडायला लावली. ‘क्लायंट-सर्टिफिकेट-डेटा’च्या पुढची लांबलचक ओळ बेस६४ या सांकेतिक रूपातून सोडवून, सर्टिफिकेट वाचणाऱ्या ओपनएसएसएल या टूलला दिली. विषयाच्या ओळीत आलं: ओ म्हणजे ‘सिस्टम:मास्टर्स’, सीएन म्हणजे ‘क्युबरनेटीज-ॲडमिन’. मी त्याला म्हणाले, ही ओळ नीट वाच. सिस्टम:मास्टर्स या गटातल्या माणसासाठी आरबॅकचे नियम (कोणाला काय करता येईल ते ठरवणारे, बाइंडिंगं त्यातलीच) तपासलेच जात नाहीत. सगळी बाइंडिंगं काढलीत तरी त्याचे अधिकार एका पैशाने कमी होत नाहीत. कागदपत्रांत आरबॅकच्या चांगल्या सवयी सांगताना हे स्वच्छ लिहिलंय: या गटात माणसं घालू नका, बाइंडिंग काढून हा अधिकार परत घेता येत नाही.

क्यूबॲडमिन (क्लस्टर उभारताना ही फाइल तयार करणारं टूल) बनवणाऱ्यांनाही हे खटकत होतं. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या १.२९ आवृत्तीपासून त्यांनी दोन फाइली वेगळ्या केल्या. ‘ॲडमिन डॉट कॉन्फ’ आता ‘क्यूबॲडमिन:क्लस्टर-ॲडमिन्स’ या साध्या गटात असते, आणि सिस्टम:मास्टर्सवाली ‘सुपर-ॲडमिन डॉट कॉन्फ’ बाजूला जपून ठेवायची असते. तरी नवीन फाइल दहा जणांना वाटलीत तर दहाही जण एकाच नावाने, एकाच गटातून आत येणार. बाइंडिंग काढलं तर दहाही जण बाहेर. आणि ऑडिट लॉगमध्ये (कोणी काय केलं याच्या नोंदीत) प्रॉडक्शनचं नेमस्पेस (क्लस्टरमधला खऱ्या कामाचा कप्पा) कोणी उडवलं ते शोधायला गेलात तर उत्तर एकच: क्युबरनेटीज-ॲडमिन.

“मग प्रत्येकाला वेगळं सर्टिफिकेट देऊ” असं कोणीतरी म्हणणारच. त्यात अर्धं तथ्य आहे. स्वतंत्र नावाचं सर्टिफिकेट असेल आणि बाइंडिंगही त्या एका नावालाच असेल, तर बाइंडिंग काढल्यावर अधिकार जातात. हे मान्य. पण ते सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत एपीआय सर्व्हरच्या लेखी खरंच राहतं. या बाबतीत मला क्युबरनेटीजच्याच सुरक्षा-मार्गदर्शिकेतला ऑथेंटिकेशनचा भाग पुरेसा वाटतो, दुसरीकडे जायची गरज नाही. तिथे म्हटलंय की क्लायंट सर्टिफिकेट एकेकटं रद्द करता येत नाही. चोरीला गेलं तर मुदत संपेपर्यंत चोराला वापरता येतं. रद्द करायचंच असेल तर सीएची किल्ली बदलावी लागते. कोणाला कोणतं सर्टिफिकेट दिलं याची कायमची नोंद क्लस्टरकडे राहत नाही. आणि गट सर्टिफिकेटमध्येच कोरलेला असल्यामुळे मधे टीम बदलली तरी तो बदलता येत नाही. हे ज्यांनी क्युबरनेटीज लिहिलं त्यांचं म्हणणं आहे, कुठल्या प्रॉडक्ट विकणाऱ्याचं नाही.

सीए बदलणं काय असतं हे मी एका जुन्या नोकरीत भोगलंय. तिथेही अशीच एक फाइल सगळ्यांकडे होती. एक कंत्राटी माणूस वाद घालून गेला आणि दोन आठवड्यांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्याकडे ती अजून आहे. शनिवारी रात्री नऊला बसलो. एपीआय सर्व्हर, कंट्रोलर मॅनेजर, शेड्यूलर, प्रत्येक नोडवरचा (मशीनवरचा) क्यूबलेट, क्लस्टरच्या या सगळ्या भागांची सर्टिफिकेटं नवी. पॉडच्या आत जो सीए पोचलेला असतो तोही जुना, त्यामुळे एपीआयशी बोलणारे पॉड एकेक करून पुन्हा उठवले. जेनकिन्समध्ये (आपोआप डिप्लॉयमेंट करणाऱ्या टूलमध्ये) कोणीतरी फाइलची प्रत चिकटवून ठेवली होती, ती सोमवारी डिप्लॉयमेंट अडल्यावर सापडली. रविवारी पहाटे पाचला घरी आले तेव्हा आई दूध तापवत होती. एका माणसाला बाहेर काढण्यासाठी पाच जणांची रात्र गेली. कंपनीच्या डिरेक्टरीत (कर्मचाऱ्यांच्या लॉगिन खात्यांच्या यादीत) त्याचं खातं मात्र एचआरने तो गेला त्याच दिवशी बंद केलं होतं. क्लस्टर त्या डिरेक्टरीला जोडलेलं असतं तर त्या एका क्लिकवर काम भागलं असतं.

बाकीचे मुद्दे पटकन. प्रत्येक कमांड गूगलकडे जाते, हे साफ चूक आहे. तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन करता, क्यूबलॉगिनसारखं प्लगइन टोकन आणतं, आणि एपीआय सर्व्हर प्रोव्हायडरने (लॉगिन पुरवणाऱ्या सेवेने) जाहीर केलेल्या सार्वजनिक किल्ल्यांवरून त्यावरची सही स्वतःच तपासतो. प्रत्येक विनंतीला तो कोणाला विचारायला जात नाही. तुमचा पासवर्ड एपीआय सर्व्हरला कधी दिसतच नाही.

प्रोव्हायडर पडला की क्लस्टर पडतं, हेही नाही. पॉड चालू राहतात, क्यूबलेट आपल्या सर्टिफिकेटवर बोलत राहतात, सर्व्हिस अकाउंटांना काही फरक पडत नाही. फक्त माणसांना नवीन टोकन मिळत नाही. त्या वेळेसाठी सुपर-ॲडमिनची फाइल दोन जबाबदार माणसांच्या हाती, कुलपात ठेवायची. एक मात्र मान्य करते: कीक्लोक त्याच क्लस्टरच्या आत चालवलंत तर क्लस्टर आजारी पडल्यावर लॉगिनही आजारी पडणार. तेव्हा ते बाहेर चालवा.

टोकन रद्द होत नाही, हे खरं आहे. ओआयडीसीचं आयडी टोकन एकदा दिलं की मुदत संपेपर्यंत चालतं. पण कीक्लोकमध्ये नवीन रेल्म (खात्यांचा स्वतंत्र विभाग) केलं तर ही मुदत आपसूक ५ मिनिटांची असते, आणि क्यूबॲडमिनचं सर्टिफिकेट १ वर्षाचं असतं. खातं बंद केल्यावर पुढचं टोकन मिळत नाही. पाच मिनिटं आणि एक वर्ष यांना एकाच तागडीत तोलणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

मेसेजने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते मी भावाला सांगितलं. ओआयडीसी जोडताना गटांच्या नावाला प्रीफिक्स (आधी जोडायचा ठरावीक शब्द) लावायचाच. तो नसेल आणि डिरेक्टरीत कोणी सिस्टम:मास्टर्स नावाचा गट तयार केला, तर त्यातला माणूस थेट सर्वाधिकारी होऊ शकतो. गूगलच्या आयडी टोकनात गट येत नाहीत, त्यासाठी मधे डेक्स (कीक्लोकसारखंच सॉफ्टवेअर) किंवा कीक्लोक ठेवावं लागतं. एकापेक्षा जास्त प्रोव्हायडर हवे असतील तर जुन्या फ्लॅगऐवजी (एपीआय सर्व्हर सुरू करतानाच्या पर्यायांऐवजी) स्ट्रक्चर्ड ऑथेंटिकेशनची फाइल वापरायची, ती क्युबरनेटीजच्या १.३४ आवृत्तीत स्थिर झाली आहे. घरच्या लॅपटॉपवर एकट्याने शिकायचं असेल तर ॲडमिन डॉट कॉन्फ खुशाल वापरा, माझी काही हरकत नाही.

हे सगळं ऐकून भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, फाइल आधीच चार जणांना दिली आहे. रिन्यू केली तर जुनी बंद होईल ना?” नाही होणार. रिन्यू केल्यावर नवीन सर्टिफिकेट मिळतं, जुन्या प्रतीवरची मुदत तशीच चालू राहते. मी त्याला शेवटची तारीख बघायला सांगितली. अजून आठ महिने बाकी आहेत, आणि त्या चौघांपैकी एक जण मागच्याच शुक्रवारी नोकरी सोडून गेलाय. येत्या शनिवारी रात्री नऊला मी व्हिडिओ कॉलवर त्याच्यासोबत बसणार आहे. आधी सीए बदलायचा, मग कीक्लोक.