एका टिंबाची कबर: श्रीनगरच्या 'येशू'बद्दलच्या मेसेजला उत्तर

ईस्टर जवळ आला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मावशीच्या फोनवर आला आणि तिनं विचारलं, "खरं आहे का गं हे?" म्हणून सविस्तर लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: येशू वधस्तंभावर मेलाच नाही, बेशुद्ध पडला होता. गुहेत शुद्धीवर आला, काश्मीरला आला आणि १२० वर्षांचा होऊन वारला. श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातली रोझाबल ही त्याची कबर. लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीत त्याची नोंद आहे, भविष्य पुराणात शालिवाहन राजाशी झालेली त्याची भेट आहे. पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठल्याची, गोष्ट चर्चनं इ. स. ३२५ मध्ये निकायाच्या परिषदेत (बिशपांच्या सभेत) रचली.

येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. न ठेवायला रास्त कारणं आहेत. पण या मेसेजमधलं एकही कारण त्यांत बसत नाही.

रोझाबलपासूनच सुरू करू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. ही कबर 'यूझ आसफ'ची मानली जाते. यूझ म्हणजे येशू, असं मेसेज ठोकून देतो. पण मुसलमान येशूला 'ईसा' म्हणतात आणि अरबी ख्रिस्ती 'यसू'. मग 'यूझ आसफ' आला कुठून? बोधिसत्त्व या शब्दातून, म्हणजे बुद्ध होण्याआधीच्या राजपुत्राच्या नावातून. बुद्धाची कथा पश्चिमेकडे गेली तेव्हा अरबीत बोधिसत्त्वाचं 'बूदासफ' झालं. आता अरबी लिपी डोळ्यांसमोर आणा. शब्दाच्या सुरुवातीला 'ब' आणि 'य' यांचा आकार एकच असतो. 'ब'खाली एक टिंब, 'य'खाली दोन. नकल करणाऱ्याच्या हातून एक टिंब जास्त पडलं की 'बूदासफ'चा 'यूदासफ' होतो. मधलं अक्षर 'ज़ाल'. त्याचा अरबी उच्चार 'द'च्या जवळचा, पण फारसी वाचणारा ते 'झ' असंच वाचतो. झाला यूझासफ.

हेच नाव जॉर्जियन आणि ग्रीकमधून युरोपात पोचलं, लॅटिनमध्ये 'जोसाफत' झालं, आणि २७ नोव्हेंबरला त्याचा सण पाळला जाऊ लागला. राजवाडा सोडून वैराग्य घेणाऱ्या राजपुत्राची गोष्ट ख्रिस्ती संताची म्हणून शतकानुशतकं वाचली गेली आणि ती बुद्धाची आहे हे कुणाला कळलंही नाही.

आणि काश्मीर? इ. स. ९९१ मध्ये वारलेल्या इब्न बाबवैह या शिया विद्वानानं ही कथा आपल्या ग्रंथात घेतली आहे. तिच्यात राजपुत्र शेवटी काश्मीरला येऊन मरण पावतो. अभ्यासकांच्या मते हे 'काश्मीर' म्हणजे कुशीनाराचा, म्हणजे बुद्धाचं महापरिनिर्वाण जिथं झालं त्या कुशीनगरचा, अपभ्रंश आहे. पुढे अठराव्या शतकात ख्वाजा आझम दिदमरी यांनी काश्मीरच्या फारसी इतिहासात खानयारच्या कबरीबद्दल लिहिलं, तेव्हा वर्णन तेच: एक राजपुत्र, विरक्त झाला, काश्मिरी लोकांकडे पैगंबर म्हणून आला. त्यात येशू नाही. त्याच वास्तूत सय्यद नसीरुद्दीन या मुसलमान संताचीही कबर आहे.

हा राजपुत्र म्हणजेच येशू, ही ओळख जोडली अहमदिया पंथाचे संस्थापक, पंजाबातल्या कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी, १८९९ साली लिहिलेल्या 'मसीह हिंदुस्तान में' या पुस्तकात. आपणच वचन दिलेले मसीहा आहोत असा त्यांचा दावा होता. त्यासाठी पहिला मसीहा स्वर्गात जिवंत नसून नैसर्गिक मरणानं वारलेला असणं गरजेचं होतं. अहमदिया समाजाची ती श्रद्धा आहे आणि ती बाळगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण १९०० वर्षांनंतर लिहिलेलं पुस्तक पहिल्या शतकाचा पुरावा होऊ शकत नाही.

हेमिसच्या पोथीची कथा निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाची. पाय मोडला, मठात राहिलो, लामांनी पोथी वाचून दाखवली, असं त्यानं १८९४ मध्ये पॅरिसला छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले. मुख्य लामांनी सांगितलं की असं पुस्तक इथं नाही आणि पाय मोडलेला कुणी युरोपियन इथं राहिला नाही. लामांची सही आणि शिक्का असलेलं निवेदन डग्लस यांनी १८९६ मध्ये लंडनच्या मासिकात छापलं. १९२२ मध्ये हेमिसला गेलेल्या स्वामी अभेदानंदांनी पोथी दाखवली गेल्याचं लिहिलं आहे, हे मान्य. पण अभ्यासकांना तपासता येईल असं तिचं एक पानही आजवर पुढे आलेलं नाही.

त्याहून मोठी गंमत मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलीच नाही. नोटोविचच्या पुस्तकात 'ईसा' तरुणपणी भारतात येतो, मायदेशी परततो आणि वधस्तंभावर मरतो. मेलेला! म्हणजे हेमिसची पोथी खरी मानली तर रोझाबल खोटी ठरते. दोन्ही एकाच मेसेजमध्ये पुरावा म्हणून घातले आहेत.

भविष्य पुराणाचा मुद्दा पटकन संपवते. शालिवाहनाचं नाव आलं की आपल्याकडे लगेच विश्वास बसतो, कारण शक त्याच्या नावाचा. पण पुराणाच्या ज्या भागात, प्रतिसर्ग पर्वात, ही भेट आहे, त्याच पर्वात अकबर आहे आणि इंग्रजांची राणी व्हिक्टोरिया 'विकटावती' नावानं आहे. हे पुराण मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यात १८९७ साली छापलं गेलं. त्या श्लोकांत तो पुरुष आपलं नाव 'ईशामसीह' सांगतो. 'ईसा मसीह' हे अरबी-फारसी वळणाचं रूप आहे. पहिल्या शतकातल्या संस्कृतात ते येणार कुठून?

आता मेसेजमधला सर्वात फसवा भाग: 'मेलाच नाही'. यात अर्धं सत्य आहे. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत; त्यांतल्या मार्कच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू सकाळी ९ ते दुपारी ३ असा सुमारे ६ तास वधस्तंभावर होता, आणि इतक्या लवकर मेला याचं रोमन सुभेदार पिलातालाही नवल वाटलं. वधस्तंभावरून माणूस वाचू शकतो याची नोंदही आहे. जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार आत्मचरित्रात सांगतो की तकोवा या गावाहून परतताना त्याला ओळखीचे तिघे वधस्तंभावर दिसले. त्यानं रोमन सेनापती तीतसकडे रदबदली केली, तिघांना खाली उतरवलं, काळजीपूर्वक उपचार झाले. दोघे वैद्याच्या हाताखालीच मेले. एक जगला.

ही नोंद नीट वाचा. तिघांना सेनापतीच्या हुकमावरून उतरवलं, जगवण्यासाठी उतरवलं, वैद्य हजर होते, तरी दोघे गेले. येशूच्या बाबतीत आधी फटके झाले होते. योहानाचं शुभवर्तमान तर कुशीत भाला मारल्याचंही सांगतं. मृत्यूची खात्री शताधिपतीनं, म्हणजे रोमन सैन्याच्या अधिकाऱ्यानं, केली, आणि नंतर वैद्य नाही, थंड गुहा. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला वधस्तंभावर मेलेल्या येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी पेटीत सापडल्या. टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटरचा खिळा, टोक वाकलेलं, म्हणून तो निघालाच नव्हता. अशा टाचांनी कुणी काश्मीरपर्यंत चालत नाही. (वधस्तंभावर मेलेल्यांना कधी पुरतच नसत, असं म्हणणाऱ्यांनाही ही अस्थिपेटी उत्तर आहे.)

डाव्हिड श्ट्राउस हा जर्मन विद्वान स्वतः चमत्कार मानत नव्हता. त्यानंच १८६४ मध्ये या बेशुद्धीच्या तर्काला सुरुंग लावला: मलमपट्टीची गरज असलेला, अर्धमेला माणूस रांगत बाहेर आला, तर त्याला पाहून 'यानं मृत्यूला जिंकलं' असं शिष्यांना कसं वाटेल? कीव येईल. येशूला पिलातानं मृत्युदंड दिला हे रोमन इतिहासकार टॅसिटसनंही लिहिलं आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता.

निकायाबद्दल एवढंच. बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमाराचं, म्हणजे परिषदेच्या आधी २७० वर्षं. त्याच्या १५ व्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना. म्हणजे हे सूत्र पौलाच्याही आधीचं. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की आपण केफाकडे १५ दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. निकायात वाद झाला तो पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे का, यावर.

याचा अर्थ पुनरुत्थान इतिहासानं सिद्ध झालं असा नाही. येशू मेला हे पक्कं. तो आपल्याला दिसला असं काही जण अगदी सुरुवातीपासून सांगत होते, हेही पक्कं. ते का सांगत होते, यावर मतं वेगळी आहेत. पौल एकाच वेळी ५०० जणांना दिसल्याचं म्हणतो, पण नावं देत नाही, ठिकाण देत नाही. कबरीकडे गेलेल्या स्त्रिया किती आणि कोण, यावर चारही शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत. मार्कच्या १६ व्या अध्यायातल्या शेवटच्या १२ ओवी सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत नाहीत.

म्हणूनच मावशीला आलेला दुसरा मेसेजही पुढे पाठवू नका. तो भाविकांचा आहे, 'ट्यूरिनच्या कफनानं (येशूच्या देहाभोवती गुंडाळलेलं मानल्या जाणाऱ्या कापडानं) पुनरुत्थान सिद्ध झालं' असं सांगणारा. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोनाच्या प्रयोगशाळांनी त्या कापडाचे तुकडे कार्बन पद्धतीनं तपासले. काळ निघाला १२६० ते १३९०. फ्रान्समधल्या लिरे गावी ते कापड पहिल्यांदा दाखवलं गेलं तेही चौदाव्या शतकातच. रोझाबलच्या मेसेजला उत्तर म्हणून ते कापड पुढे करणाऱ्यांना करिंथकरांच्या पत्रातल्या त्या सहा ओवी वाचायला सांगा, १५ वा अध्याय, ३ ते ८.